लेव्हल घेतली, पण कोणत्या प्रतीची?



ऊस काट्यावर आला की आपण पावती नीट बघतो. भरल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, काट्याची तपासणी कधी झाली, हे विचारायला कोणी लाजत नाही आणि लाजूही नये. पण त्याच सभासदांनी मिळून सामायिक पाइपलाइन टाकायची किंवा क्षारपड जमिनीत निचऱ्याच्या नळ्या घालायच्या ठरवल्या, की पाइपाचा दर, खोदाईचा दर, कर्जाचे हप्ते यांवर रात्री बारापर्यंत बैठक चालते. आणि ज्या आकड्यावर हे सगळे काम उभे राहणार, तो जमिनीच्या उंचीचा आकडा मात्र "इंजिनिअरनं लेव्हल घेतलीय की" एवढ्या एका वाक्यावर मंजूर होतो.

लेव्हल घेतली हे ठीक झाले. पण कोणत्या प्रतीची घेतली? सोनाराचा काटाही वजनच करतो आणि कारखान्याचा काटाही वजनच करतो. म्हणून कोणी सोनाराच्या काट्यावर उसाची मोळी ठेवत नाही, की ट्रॅक्टरच्या काट्यावर मंगळसूत्र. उंचीच्या मोजणीतही अशाच प्रती आहेत. प्रत्येक प्रतीत किती चूक चालवून घ्यायची याचे ठरलेले नियम आहेत, आणि ते समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. वर्गमूळ काढता आले की पुरे.

शून्य कुठले?

उंची कशापासून तरी मोजावी लागते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती आपण लहानपणापासून वाचत आलो. पण समुद्र तर भरती-ओहोटीने रोज वर-खाली होतो. मग सपाटी कुठली धरायची? त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने बंदरांत भरतीमापक यंत्रे बसवून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली. आपल्या देशात पद्धतशीर लेव्हलिंगला १८५८ साली सुरुवात झाली. पुढे १९०९ साली नऊ बंदरांतली समुद्राची सरासरी पातळी शून्य धरून साऱ्या देशाचे उंचीचे जाळे एकत्र बसवले गेले. त्या नऊ बंदरांत मुंबई आहे, कारवार आहे, आणि पुढे पाकिस्तानात गेलेली कराचीही आहे.

त्या शून्यापासून निघालेल्या रेषा रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेने देशभर गेल्या. वाटेत जागोजाग पक्क्या दगडावर, पुलाच्या बांधकामावर खुणा कोरल्या. 'जी. टी. एस.' आणि 'बी. एम.' अशी इंग्रजी अक्षरे असलेला दगड कुणाच्या पाहण्यात असेल, तर तो नुसता मैलाचा दगड समजू नये. तो बेंचमार्क आहे, म्हणजे त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काटेकोर मोजून सरकारी नोंदीत लिहिलेली आहे. अलीकडे सर्व्हे ऑफ इंडियाने हे जाळे नव्याने बसवले असून नवे मान २००९ या सालाच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा जुन्या प्रकल्प-अहवालातली उंची आणि आजची उंची एका कागदावर मांडताना दोन्ही कोणत्या मानाच्या आहेत हे आधी बघावे.

सगळ्याच उंच्या समुद्रापासून मोजलेल्या नसतात. कोल्हापुरात पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेला आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. पावसाळ्यात हे आकडे पोराबाळांच्याही तोंडी असतात. पण दोन्हीकडचा फूट सारखा असला तरी शून्य सारखा नाही. प्रत्येक मोजपट्टीचा शून्य त्या जागेपुरता. त्यामुळे "सांगलीला ४५ झालं, कोल्हापुरात ४३च, म्हणजे तिकडं दोन फूट पाणी जास्त" ही चावडीवरची तुलना बाद समजावी.

शून्याचा घोटाळा मोठमोठ्यांनाही नडतो. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग या गावी एक पूल बांधताना २००३-०४ च्या सुमारास असा प्रकार झाला. जर्मनीचा शून्य उत्तर समुद्रावरून घेतलेला, स्वित्झर्लंडचा भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक आहे, हे सर्वांना माहीत होते आणि तो हिशेबात धरलाही होता, पण उलट्या बाजूने! दोन तीरांत २७ ऐवजी ५४ सेंटीमीटरची तफावत उभी राहिली आणि एका बाजूचे बांधकाम दुरुस्त करावे लागले. लेव्हल दोन्हीकडच्या उत्तम प्रतीच्याच होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे.

जाऊन परत यायचे

आता मोजणीकडे वळू. यंत्र तीन पायांवर उभे करून पाणसळीप्रमाणे सपाट करतात. दुर्बिणीतून दिसणारी रेषा आडवी झाली की ज्या खुणेची उंची माहीत आहे तिच्यावर पट्टी उभी धरायची आणि वाचन घ्यायचे. समजा खूण ५५०.००० मीटरवर आहे आणि पट्टीवर १.४२५ वाचले. म्हणजे दुर्बिणीची रेषा ५५१.४२५ वर आहे. मग पट्टीवाला पुढे जातो. तिथे २.१३० वाचले, तर तिथली जमीन ५४९.२९५. तिथून यंत्र उचलायचे, पुढे मांडायचे, पुन्हा मागे बघायचे, पुन्हा पुढे. असे करत करत चार-पाच मैल जाता येते. युक्ती एवढीच.

पण प्रत्येक मांडणीला थोडी थोडी चूक पदरात पडते. पट्टी किंचित कलते. दुपारच्या उन्हात जमिनीवरची हवा लहरते आणि पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात. यंत्राची रेषा केसभर वर किंवा खाली बघत असते. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे आडवी रेषा जमिनीपासून हळूहळू वर सुटते. हवेतल्या वक्रीभवनाची वजावट करूनही हा फरक १०० मीटरवर पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी भरतो, पण एक किलोमीटरवर जवळजवळ पावणेसात सेंटीमीटर होतो. यातल्या शेवटच्या दोन चुकांवर जुना आणि फुकटचा उपाय आहे. यंत्र मागच्या व पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्ये मांडावे. दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते. मोजणी करणारा माणूस पावले टाकून अंतर सारखे करतो आहे की झाडाची सावली बघून यंत्र मांडतो आहे, एवढ्यावरून त्याच्या कामाची निम्मी परीक्षा होते.

उरलेली परीक्षा परतीच्या वाटेवर. ज्या खुणेवरून निघालो तिथेच लेव्हल घेत परत यायचे. निघताना ५५०.००० होते आणि परत आल्यावर हिशेबाने ५४९.९६४ आले, तर ३६ मिलिमीटरचा फरक पडला. याला बंद होण्यातली चूक म्हणतात, आणि लेव्हलची प्रत ठरते ती हिच्यावरून.

३६ मिलिमीटर जास्त की कमी? ते किती चालून आलो त्यावर आहे. चुका कधी वर पडतात, कधी खाली. एकमेकींना काही अंशी खाऊन टाकतात. म्हणून अंतर चौपट झाले तर चूक चौपट न होता साधारण दुप्पट होते. यासाठी नियमात किलोमीटरचे वर्गमूळ घेतात. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत चार प्रती दिलेल्या असतात. कच्च्या लेव्हलला किलोमीटरच्या वर्गमुळाला १०० ने गुणून येतील तितके मिलिमीटर चूक चालते. साधारण प्रतीला २४ ने गुणायचे, अचूक प्रतीला १२ ने, आणि सूक्ष्म प्रतीला फक्त ४ ने.

चार किलोमीटरची फेरी असेल तर वर्गमूळ दोन. कच्च्या प्रतीला २०० मिलिमीटर, म्हणजे वीस सेंटीमीटर चालतात. साधारणला ४८ मिलिमीटर, अचूकला २४, सूक्ष्मला ८. आपला ३६ चा फरक साधारण प्रतीत पास झाला, अचूक प्रतीत नापास. आकडा एकच आहे. त्याचा कशासाठी उपयोग करायचा त्यावर तो चांगला की वाईट हे ठरते.

सूक्ष्म प्रतीचे काम आपल्या रोजच्या यंत्रांनी होत नाही. नेहमीच्या पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरचे घर असते आणि मधला आकडा डोळ्याने अंदाजायचा असतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे वरच्या दर्जाचे काम इन्व्हार नावाच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांवर होते. ऊन-थंडीने हा धातू जवळजवळ वाढत-घटत नाही. गियोम या शास्त्रज्ञाने तो १८९६ साली शोधला आणि १९२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रावर छत्री धरून, जाताना एकदा आणि येताना स्वतंत्रपणे पुन्हा असे ते काम चालते. त्याला वेळही लागतो आणि पैसाही. आपल्या शेतातल्या पाटाला असल्या थाटाची गरज नाही.

इथे एक इशारा देणे भाग आहे. फेरी बंद झाली म्हणजे सगळे बरोबर, असे नाही. पट्टीच जर झिजून दोन-चार मिलिमीटर आखूड झाली असेल, तर चढावर जितकी चूक होते तितकीच उतारावर उलट होते, आणि फेरी साळसूदपणे बंद होते. तसेच, ज्या खुणेवरून निघाला ती खूणच जर रस्ता रुंदीकरणात जेसीबीच्या धक्क्याने हलली असेल, तर तिथूनच निघून तिथेच परत येणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. यासाठी दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र बेंचमार्कावर जाऊन ताळा बघावा. हल्लीच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या सांध्याची कळ नीट बसली आहे का, हेही पट्टीवाल्याला अधूनमधून विचारावे. कळ न बसता घेतलेली वाचने दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसतात!

कोणत्या कामाला कोणती प्रत

उपसा सिंचनापासून सुरुवात करू. नदीपासून माळावरच्या हौदापर्यंत पाणी ४० मीटर चढवायचे आहे आणि या उंचीत २० सेंटीमीटरची चूक झाली. सेकंदाला १०० लिटर पाणी उचलायचे तर एक मीटर चढाला, पंपाची घट सोडून, साधारण एक किलोवॅट लागतो. म्हणजे २० सेंटीमीटरला किलोवॅटचा पाचवा हिस्सा. पंप निवडायला कच्ची लेव्हलसुद्धा पुरते. त्याच योजनेत जॅकवेलचा तळ आणि उन्हाळ्यातले नदीचे सर्वांत खालचे पाणी यांचा संबंध मात्र असा मोघम धरून चालणार नाही. तिथे २० सेंटीमीटर चुकले तर ऐन मे महिन्यात फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि मोटर नुसती गुरगुरते.

हौदातून पुढे पाणी उताराने पाटात सोडायचे झाले की परिस्थिती बदलते. समजा पाटाला पाच हजारांत एक असा उतार दिला. किलोमीटरला फक्त २० सेंटीमीटर, पाच किलोमीटरला एक मीटर. कच्च्या प्रतीच्या लेव्हलला पाच किलोमीटरवर २२ सेंटीमीटर चूक माफ आहे. म्हणजे एका अख्ख्या किलोमीटरचा उतार मोजणीतच गडप! अचूक प्रतीत तीच चूक २७ मिलिमीटरपर्यंत येते. वरच्या अंगाच्या सभासदाला या फरकाचे काहीच वाटत नाही, त्याच्या वाफ्यात पाणी कसेही येते. मरतो तो शेपटाचा सभासद. मग "वरचे लोक पाणी तोडतात" म्हणून भांडणे लागतात, पाटकऱ्याच्या नावाने खडे फोडले जातात, आणि दोष कदाचित पाटाच्या तळातच असतो.

यापेक्षाही नाजूक काम म्हणजे निचरा. कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ तालुक्यात आणि इतरत्रही, पाणी जास्त आणि निचरा कमी यामुळे चांगल्या चांगल्या काळ्या रानांवर पांढरी खार चढली. छिद्रांच्या नळ्या जमिनीखाली घालून क्षार धुऊन काढण्याची कामे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केली. यात एकट्याचे काम नसते. नळी माझ्या रानातून तुमच्या रानात आणि तिथून तिसऱ्याच्या बांधाखालून ओढ्याला जाते. पाचशेत एक असा उतार असेल तर शंभर मीटर नळीला मिळून २० सेंटीमीटर. मुख्य नळीला हजारात एक धरला तर शंभर मीटरला फक्त १०. मधे कुठे नळी पाच सेंटीमीटरने खाली बसली, तर त्या पोटात गाळ साठत जातो. वरून काही दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी एका रानातला ऊस पुन्हा पिवळा पडू लागतो आणि मालक म्हणतो, "सरकारी योजना अशीच असतेय." योजना तशी नसते, नळी तशी बसलेली असते.

या कामात दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांची गल्लत होते. नळी घालताना एका नळीपुरता उतार सेंटीमीटरपर्यंत बरोबर लागतो. अंतर थोडे असल्याने साधारण प्रतीतही ते साधते. शंभर मीटरला साधारण प्रतीची मर्यादा आठ मिलिमीटरच्या आतच येते. पण शेतापासून ओढ्यापर्यंतची उंची लांबून आणायची असते. ओढा तीन किलोमीटरवर असेल तर कच्च्या प्रतीत १७ सेंटीमीटर आणि अचूक प्रतीत दोन सेंटीमीटर, इतका हा फरक आहे.

आमच्या पाहण्यातले एक काम सांगतो. गाव आणि गट सांगायची जरूर नाही. नळ्या चांगल्या, खोदाई यंत्राची, लोकांची वर्गणी वेळेवर. पहिल्याच जोराच्या पावसात मुख्य नळीच्या तोंडातून पाणी बाहेर पडण्याऐवजी ओढ्याचेच पाणी आत शिरले. तपासणी केली तेव्हा तोंड ठरल्यापेक्षा वीतभर खाली निघाले. शेताची लेव्हल एकाने घेतलेली, ओढ्याची दुसऱ्याने. दोघांच्या वहीत पहिल्या खुणेची उंची १००.००० लिहिलेली. एकाची खूण विहिरीच्या कठड्यावर, दुसऱ्याची मोरीवर. दोन्ही खुणा एकमेकींशी कधी जोडल्याच नव्हत्या, आणि शंभराचा आकडा दोन्हीकडे सारखा दिसल्याने कोणाला शंकाही आली नाही. त्या गटाला तोंडाशी विहीर बांधून पंप बसवावा लागला. उताराने फुकट जायचे पाणी आता विजेच्या बिलाने जाते. दोघांचीही मोजणी आपापल्या जागी चांगलीच होती.

सरी आणि वाफे करताना समुद्रसपाटीशी काही देणे-घेणे नाही. तिथे रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचाच फरक हवा. लेझरवर चालणारा लेव्हलर ट्रॅक्टरच्या मागे लावला तर दोन-एक सेंटीमीटरपर्यंत रान सारखे होते. गवंड्याची पाण्याची नळीही छोट्या रानात चोख काम करते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

पूररेषेचे मात्र उलट. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराशी निळी रेषा जोडलेली, आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराशी तांबडी. या रेषा पातळीवरून नकाशावर उतरतात. नदीकाठचे रान पाचशेत एक इतक्या उताराचे असेल तर उंचीतल्या ३० सेंटीमीटरच्या चुकीने रेषा आडवी दीडशे मीटर सरकते. दीडशे मीटरमध्ये किती गुंठे, किती घरे, किती जणांची बांधकामाची परवानगी, याचा ज्याचा त्याने विचार करावा. आपले नाव रेषेच्या आत आले म्हणून नुसती ओरड करण्यापेक्षा, ज्या उंच्यांवरून रेषा ओढली त्या कोणत्या प्रतीच्या, असे लेखी विचारणे जास्त कामाचे. गावानेही एक करावे. पूर ओसरला की देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ आणि तारीख रंगवून ठेवावी, आणि सवडीने ती रेघ जवळच्या बेंचमार्काशी जोडून घ्यावी. साधारण प्रतीची लेव्हल याला पुष्कळ झाली. २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या रेघा ज्यांनी जपल्या असतील, त्यांच्याकडे कुठल्याही नकाशापेक्षा पक्का पुरावा आहे.

फोन, रोव्हर आणि ड्रोन

"आता कशाला पट्टी अन् दुर्बीण? फोनवर उंची दिसतीया की!" असे तरुण सभासद म्हणतात. दिसते हे खरे. पण उपग्रहावरून येणारी उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. पृथ्वीचा गणिताने ठरवलेला जो गुळगुळीत आकार आहे, त्याच्यापासून ती मोजतात. आपल्या भागात तो आकार समुद्रसपाटीच्या साठ मीटरहून अधिक वर येतो. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून ही कच्ची उंची वाचली, तर ती उणे साठच्याही खाली निघते, आणि माणूस तर कोरड्यात उभा असतो! ही तफावत दुरुस्त करण्याची कोष्टके असतात. काही फोन ती आपणहून लावतात, काही लावत नाहीत. त्याशिवाय फोनच्या उंचीत कित्येक मीटरची डळमळ असतेच. डोंगर चढताना गंमत म्हणून ठीक आहे.

मोजणी खाते आणि खाजगी मोजणीदार हल्ली वापरतात ते रोव्हर हे फार वरच्या दर्जाचे साधन. बांधाची जागा ते दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत सांगते. पण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीडपट ते दुप्पट पडते. पाच-सहा किलोमीटरच्या पाइपलाइनची आखणी करायला रोव्हर उत्तम आहे, आणि लांबवर त्याची चूक साठत जात नाही हा मोठाच फायदा. निचऱ्याच्या नळीचा दहा सेंटीमीटरचा उतार मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये. तिथे दुर्बीणच हवी.

ड्रोनचे नकाशे रंगीबेरंगी आणि बघायला देखणे. मात्र फोटो काढणाऱ्या ड्रोनला जमीन दिसत नाही, उसाचे शेंडे दिसतात. उभ्या उसात उडवलेल्या ड्रोनच्या नकाशावर तुमचे रान दहा-बारा फूट उंचावर आणि शेजारचे तोड झालेले रान खड्ड्यात दिसणार. उडवायचाच तर तोडीनंतर, पाचट काढल्यावर उडवावा. कॉम्प्युटरवर फुकट मिळणारे उंचीचे नकाशे पुष्कळदा २००० सालच्या अमेरिकी अंतराळयानाच्या मोजणीवरून केलेले असतात. त्या मोजणीचे उद्दिष्टच १६ मीटरच्या आत चूक राखण्याचे होते. खोरे कुठले, डोंगर कुठला, एवढे त्यातून कळते.

दशांश चिन्हापुढचे आकडे बघून भुलू नये, हेही इथे सांगितले पाहिजे. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा लवादाने २०१० साली दिली, तेव्हापासून हा आकडा आपण सारखा ऐकतो. मिलिमीटरपर्यंतचा आकडा बघून वाटते, केवढी ही अचूकता! पण ५२४.२५६ मीटर म्हणजे बरोबर १७२० फूट. गोल फुटांचा आकडा मीटरमध्ये बदलला आणि तीन दशांश आपोआप आले. याउलट एव्हरेस्ट. सर्व्हेच्या लोकांनी शंभराहून अधिक मैलांवरून त्याची उंची मोजली, १८५६ साली २९,००२ फूट जाहीर केली. हिशेब बरोबर २९,००० निघाला होता, पण लोकांना तो अंदाजपंचे वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, आकड्याचा दिसण्याशी आणि त्याच्या प्रतीशी संबंध वेगळा असतो, हे त्या साहेबांना कळत होते. २०२० साली नेपाळ व चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे त्या जुन्या आकड्यापेक्षा तीस फुटांच्या आसपास जास्त. इतक्या लांबून, वाकणाऱ्या किरणांवरून मोजूनही एवढाच फरक पडला, याचे मात्र कौतुकच करायला हवे.

वहीत काय बघावे

तर पुढच्या बैठकीत पाइपाच्या दराआधी लेव्हलची वही मागून घ्यावी. पहिल्या पानावर निघण्याची खूण कोणती, तिची उंची कुठून घेतली आणि ती सरकारी बेंचमार्कावरून आहे की मनाने १०० धरलेली आहे, हे असायला हवे. मनाने धरलेली चालते. फक्त मग सगळ्यांनी तीच एक वापरावी. शेवटच्या पानावर फेरी कुठे बंद झाली, किती किलोमीटर झाली, फरक किती पडला. वहीतले मागचे वाचन सगळे एका बाजूला बेरजेला घ्या, पुढचे वाचन दुसऱ्या बाजूला. दोन बेरजांमधला फरक आणि पहिल्या-शेवटच्या उंचीतला फरक जुळला पाहिजे. तुमच्या घरातले दहावीतले पोर हा ताळा करून देईल. त्यातून गणिताची चूक सापडते. वाचनाची चूक मात्र परत फिरूनच सापडते, आणि जो मोजणीदार "परत फिरायला वेळ न्हाई" म्हणतो त्याच्या बिलातून तेवढे पैसे कापावेत असे आमचे मत आहे. सगळ्या कामाला अचूक प्रत मागून उगाच खर्च वाढवू नये, हेही तितकेच खरे. पंपाला कच्ची, पाटाला आणि निचऱ्याच्या तोंडाला अचूक, शेतातल्या सरीला आपसातली; एवढे इस्टिमेटात लिहून घेतले की पुरे.

राहता राहिली गावातली कायमची खूण. ती काळ्या रानात खुंटी ठोकून करू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते आणि खुंटीही तिच्याबरोबर वर-खाली होते. विजेचा खांब कलतो, विहिरीचा कठडा खचतो. पुलाचा पाया, जुन्या दगडी देवळाचे जोते किंवा उघडा पडलेला काळा पाषाण ही त्यातल्या त्यात भरवशाची ठिकाणे. तिथे छिन्नीने खूण करून शेजारी रंगाने चार गोष्टी लिहाव्यात : उंची, कोणत्या बेंचमार्कावरून आणली, साल, आणि कोणत्या प्रतीची. दुसरी अशीच खूण गावाच्या दुसऱ्या टोकाला करून दोन्ही एकमेकींशी जोडून ठेवाव्यात, म्हणजे एक हलली तर दुसरीवरून कळते.